गाडीच्या स्क्रीनवरचा ठिपका आणि ४.०७ मीटर : एका गाजलेल्या पेपरचं चिकित्सक वाचन



नेट झाली, पेट झाली, आता प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. अशा टप्प्यावरच्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो : "पेपर चिकित्सकपणे वाचा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय?" याचं उत्तर व्याख्या सांगून देता येत नाही. म्हणून आज एकच पेपर समोर घेऊन बसू.

पेपर चांगला आहे हे आधीच सांगते. वाईट पेपरवर टीका करायला फारशी अक्कल लागत नाही. चांगला पेपर कुठपर्यंत बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ओळखणं जास्त अवघड असतं. शिवाय हा पेपर नीट न वाचल्यामुळे माझ्या थिसिसमधलं एक अख्खं प्रकरण वाया गेलंय. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी ठिपका समजून घेऊ

गाडीतल्या इन्फोटेनमेंट सिस्टिमवर नेव्हिगेशन लावलं की रस्त्याच्या बरोबर मधून एक ठिपका किंवा बाण सरकताना दिसतो. आपण म्हणतो, "जीपीएस दाखवतंय." पण जीपीएस हे दाखवत नसतं. रिसीव्हर फक्त अक्षांश-रेखांश देतो आणि त्यात काही मीटरची चूक असते. अमेरिकी सरकारच्या जीपीएसविषयक माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येइतकी असते. उंच इमारतींच्या गर्दीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तेव्हा चूक कितीतरी वाढते. हे बिंदू जसेच्या तसे नकाशावर टाकले तर गाडी कधी फुटपाथवर, कधी शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसेल.

ती तशी दिसत नाही, कारण मध्ये एक प्रोग्रॅम बसलेला असतो. हा बिंदू बहुधा अमुक रस्त्यावरचा असणार, असं तो ठरवतो आणि ठिपका उचलून त्या रस्त्यावर ठेवतो. याला मॅप मॅचिंग म्हणतात.

कंपनीतूनच बसवून आलेल्या सिस्टिममध्ये बऱ्याचदा चाकांच्या वेगाचे सेन्सर आणि गायरोस्कोप यांचीही मदत घेतलेली असते. शेवटची माहीत असलेली जागा, वेग आणि वळण यांवरून पुढची जागा मोजत जायची, या पद्धतीला डेड रेकनिंग म्हणतात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नव्या कात्रज बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तरी ठिपका पुढे सरकत राहतो तो यामुळे. गाडी घेतल्यावर बाहेरून बसवलेल्या युनिटमध्ये मात्र अनेकदा जीपीएसची अँटेना जोडलेली असते, पण वेगाची वायर जोडलेली नसते. मग बोगद्यात ठिपका गोठतो, किंवा शेवटच्या वेगावरून नुसता अंदाजानं पुढे जातो.

गंमत म्हणजे मॅप मॅचिंग हे गाडीतल्या जीपीएसपेक्षा जुनं आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत 'ईटॅक नेव्हिगेटर' नावाचं उपकरण विकायला आलं. त्यात जीपीएस नव्हतंच. चाकांवरचे सेन्सर, होकायंत्र आणि कॅसेटवर साठवलेला नकाशा, एवढ्यावर ते चालायचं. साठत जाणारी चूक नकाशातल्या रस्त्यांशी ताडून दुरुस्त केली जायची. म्हणजे स्क्रीनवरचा ठिपका तेव्हाही अनुमान होता आणि आजही अनुमानच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेपर काय सांगतो?

पेपरचं नाव 'हिडन मार्कोव्ह मॅप मॅचिंग थ्रू नॉइज अँड स्पार्सनेस'. लेखक पॉल न्यूसन आणि जॉन क्रम, दोघंही मायक्रोसॉफ्टचे. २००९ मध्ये एसीएमच्या सिगस्पेशल परिषदेत तो सादर झाला. मॅप मॅचिंगवर काम करायचं तर हा पेपर टाळून पुढे जाता येत नाही.

कल्पना साधी आहे. प्रत्येक जीपीएस बिंदूसाठी जवळपासचे रस्ते उमेदवार म्हणून घ्यायचे आणि दोन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : हा बिंदू या रस्त्यापासून किती लांब आहे? जितका लांब, तितकी शक्यता कमी. ती किती वेगानं कमी होते हे नॉर्मल वितरणाच्या घंटेसारख्या वक्रानं ठरतं. त्या वक्राची रुंदी म्हणजे सिग्मा.

दुसरा प्रश्न : मागच्या बिंदूच्या रस्त्यावरून या रस्त्यावर यायला गाडीला प्रत्यक्ष किती अंतर कापावं लागलं असतं? ते अंतर आणि दोन बिंदूंमधलं सरळ अंतर यांत फार तफावत असेल तर ती जोडी संशयास्पद. पंधरा मीटर पुढे जायला कुणी दोन किलोमीटरचा वळसा घालत नाही.

मग सगळ्या बिंदूंची उत्तरं एकत्र करून विटर्बी पद्धतीनं संपूर्ण प्रवासाचा सर्वांत संभाव्य मार्ग काढायचा. झालं.

चांगलं काय आहे?

टीका म्हणजे उणीदुणी काढणं नव्हे, म्हणून आधी जमेची बाजू.

एक, मॉडेलमधले आकडे हवेतून आणलेले नाहीत, डेटावरून काढलेत. सिग्मा काढताना सरळ सरासरी न वापरता मध्यकावर आधारलेली पद्धत वापरली आहे : बिंदू आणि रस्ता यांच्यातल्या अंतरांचा मध्यक घेऊन त्याला १.४८२६ नं गुणायचं. चारदोन बिंदू भरकटले तरी मध्यक फारसा हलत नाही. हा शहाणपणा तुमच्याही डेटाला लागू पडेल.

दोन, पद्धत कुठे यशस्वी होते एवढंच सांगून ते थांबले नाहीत, ती कुठे मोडते हे मुद्दाम तपासलं. नोंदी विरळ करत नेल्या, वरून कृत्रिम चूक मिसळत नेली आणि निकाल कसा ढासळतो ते आलेखात दाखवलं. दोन नोंदींमधला वेळ सुमारे ३० सेकंदांपर्यंत वाढवला तरी चूक नगण्य राहते, त्यानंतर वाढत जाते. आपल्याकडच्या किती प्रबंधांत असा आलेख सापडतो? स्वतःची पद्धत स्वतःच मोडून दाखवायला धैर्य लागतं.

तीन, जीपीएसच्या नोंदी आणि रस्त्यांचं जाळं त्यांनी इतरांसाठी खुलं केलं. २००९ मध्ये हे आजच्याइतकं सर्रास नव्हतं.

आता अडचणी

पहिली अडचण : एक शहर, एक गाडी, एक प्रवास. चाचणीचा डेटा म्हणजे सिएटल परिसरातला सुमारे ८० किलोमीटरचा एक प्रवास, दर सेकंदाला एक नोंद. त्या प्रवासातून सिग्मा आला ४.०७ मीटर. तिथे, त्या रिसीव्हरसाठी, त्या नकाशावर हा आकडा बरोबर आहे. पुढे काय झालं ते बघा. व्हॅल्हाला नावाचं एक मुक्तस्रोत राउटिंग इंजिन आहे. त्याच्या मॅप मॅचिंगच्या भागात सिग्माची मूळ किंमत ४.०७ च ठेवलेली आहे. कुणी बदलली नाही तर सिएटलमधल्या एका गाडीचा आकडा नगरच्या एसटी स्टँडाबाहेरही तसाच लागू होतो. दोष लेखकांचा नाही. त्यांनी "हा आकडा जगभर वापरा" असं म्हटलेलं नाही. आपण डीफॉल्टला हात लावत नाही, हा आपला दोष. आणि दोन दशांश स्थळं पाहिली की आपल्याला उगाच खात्री वाटते.

दुसरी अडचण जरा खोल आहे. हे ४.०७ मीटर नेमकं कशाचं मोजमाप? बिंदूपासून जुळवलेल्या रस्त्यावरच्या सर्वांत जवळच्या जागेपर्यंतचं अंतर. म्हणजे रस्त्याला काटकोनातली चूक. गाडी रस्त्याच्याच दिशेनं दहा मीटर मागे किंवा पुढे दाखवली गेली, तर ती चूक या आकड्यात जवळजवळ येतच नाही. शिवाय नकाशातली रेघ सहसा रस्त्याच्या मधून काढलेली असते आणि गाडी डाव्या किंवा उजव्या लेनमध्ये असते. नकाशा काढणाऱ्याचीही काही चूक असते. हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं आहे. त्यामुळे "जीपीएसची चूक चार मीटर" असा संदर्भ या पेपरच्या नावावर कुणी देत असेल, तर त्यानं व्याख्या वाचलेली नाही असं खुशाल समजा. आकडा उचलण्याआधी तो कशापासून कशापर्यंत मोजलाय हे बघायची सवय लावा.

तिसरी अडचण : चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात हे गृहीतक. मॉडेल असं मानतं की या सेकंदाच्या चुकीचा पुढच्या सेकंदाच्या चुकीशी संबंध नाही. वरून मिसळलेली चूकही संगणकानं तयार केलेली यादृच्छिक चूकच होती. प्रत्यक्षात मात्र इमारतीवरून परावर्तित सिग्नल आला की ठिपका एकाच बाजूला सरकतो आणि बराच वेळ तिकडेच राहतो. यादृच्छिक चुका एकमेकींना खोडून काढतात, पण एकाच दिशेच्या चुका एकमेकींना दुजोरा देतात. दहा बिंदू एकाच बाजूला ढळले की मॉडेलला ते दहा साक्षीदार वाटतात. खरं तर साक्षीदार एकच असतो, तेच वाक्य दहा वेळा बोलणारा.

चौथी अडचण, आणि इन्फोटेनमेंटच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची : पेपरमधली पद्धत प्रवास संपल्यावर, सगळ्या नोंदी हातात असताना मार्ग ठरवते. पुढे काय झालं ते तिला माहीत असतं, त्यामुळे मागचा निर्णय ती बदलू शकते. गाडीच्या स्क्रीनला ही चैन नाही. तिला आत्ता, याच सेकंदाला सांगायचं असतं. महामार्गावरून सर्व्हिस रोडला उतरताना कोन इतका लहान असतो की पहिले शंभर-दोनशे मीटर दोन्ही शक्यता सारख्याच दिसतात. पुरावा नंतर येतो, पण "उजवीकडे वळा" ही सूचना आधी द्यावी लागते. ठिपका अचानक एका रस्त्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, ती त्या पुराव्याची उशिरा झालेली पोच असते. म्हणून थेट नेव्हिगेशनसाठी हा पेपर आधार म्हणून देताना "पद्धत तीच, पण भविष्याची माहिती काढून घेतल्यावर निकाल तसाच राहतो का?" हे वेगळं तपासावं लागतं. नुसता संदर्भ देऊन भागत नाही.

पाचवी अडचण नकाशाची. मॅप मॅचिंगमध्ये उमेदवार रस्ते नकाशातूनच येतात. नकाशात नसलेल्या रस्त्यावर तुम्ही असूच शकत नाही! पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला स्फोटानं पाडला आणि नवा, अनेक रॅम्पचा चौक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. ज्या गाडीच्या युनिटमध्ये त्याआधीचा ऑफलाइन नकाशा आहे, ती नव्या रॅम्पवरून जाताना ठिपका जवळच्या कुठल्या तरी जुन्या रस्त्याला चिकटवणार, आणि तेही तितक्याच ठामपणे. उड्डाणपुलाचंही तेच. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता सपाट नकाशात एकावर एक पडतात. मग पहिला प्रश्न, म्हणजे बिंदू किती लांब हा, दोघांनाही सारखेच गुण देतो.

माझं प्रकरण कसं गेलं

मी मूळची भौतिकशास्त्राची. सध्या गाडीवर सेन्सर लावून रस्त्यावरच्या हवेतले सूक्ष्म धूलिकण मोजते. कुठलं मोजमाप कुठल्या रस्त्याचं हे कळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. म्हणून एक प्रकरण फक्त जागा ठरवण्याच्या पद्धतीवर होतं. फोनमधल्या जीपीएस नोंदी घ्यायच्या, न्यूसन आणि क्रम यांच्या पद्धतीनं रस्त्यावर बसवायच्या आणि निकाल 'खऱ्या' मार्गाशी ताडून बघायचा.

खरा मार्ग कुठून आणायचा? मला वाटलं, सोपं आहे. गाडीत इन्फोटेनमेंट युनिट होतं. त्याची अँटेना वेगळी, स्क्रीन मोठी, ठिपका कसा रस्त्याच्या मधून लोण्यासारखा सरकणारा. त्यातल्या नेव्हिगेशन ॲपमधून प्रवासाची फाइल काढता यायची. तीच मी 'सत्य' म्हणून धरली. सिग्मा अर्थातच ४.०७. निकाल आला तेव्हा मी लॅबमध्ये चहा पाजला होता. जवळजवळ सगळे बिंदू जुळत होते.

मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, तक्ता दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे सत्य तुला कुणी सांगितलं?" मला तेव्हा प्रश्न कळला नाही, थोडा रागही आला.

कळला तो आमच्या ड्रायव्हर काकांमुळे. लॅपटॉपवर एका दिवसाचा मार्ग उघडा होता. वारज्याजवळ महामार्ग आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी धावतात, तो भाग. काका मागून बघत म्हणाले, "ताई, त्या दिवशी वर जाम होता. आपण खालच्या रोडनं आलो होतो की." युनिटची फाइल म्हणत होती महामार्ग. माझी पद्धतही म्हणत होती महामार्ग. डॅशकॅमचं रेकॉर्डिंग उघडून पाहिलं. शेजारी टपऱ्या, गॅरेजं, उलट दिशेनं येणारी एक रिक्षा. काका बरोबर होते.

मग एकेक दिवस तपासत गेले, आणि अशी ठिकाणं निघतच राहिली. दोन्ही पद्धती एकमेकींशी जुळत होत्या, कारण दोघींच्या पोटात तीच युक्ती होती : जवळचा आणि सोयीचा रस्ता निवडा. एकाच साच्यातले दोन बिघडलेले थर्मामीटर एकच आकडा दाखवतात, म्हणून ताप तेवढाच आहे असं होत नाही. मी माझं अनुमान दुसऱ्या एका अनुमानाशी ताडून बघत होते आणि त्याला पडताळणी म्हणत होते. आणि चुका नेमक्या अशा ठिकाणी होत्या जिथे माझ्या विषयाला सर्वांत जास्त फरक पडतो. महामार्गावरची हवा आणि टपऱ्यांच्या शेजारची हवा एक नसते.

चार महिन्यांचं काम होतं. प्रकरण काढून टाकलं. त्यातली दोन पानं उरली, तीही 'मर्यादा' या शीर्षकाखाली. पुढचे काही महिने डॅशकॅमचं रेकॉर्डिंग बघत प्रत्येक चौक, प्रत्येक उतार हातानं नोंदवला. कंटाळवाणं काम, पण आता माझ्याकडे जे 'सत्य' आहे ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पेपरनं मला फसवलं का? मुळीच नाही. परत वाचला तेव्हा लक्षात आलं की लेखकांनी मॉडेलची गृहीतकं, चाचणीचा प्रवास, सिग्माची व्याख्या सगळं उघड लिहिलेलं आहे. पेपर थोडाच आहे, आठेक पानांत मावणारा. मी त्यातलं सूत्र आणि निकालाचा आलेख तेवढा वाचला होता.

मग पेपर वाचताना काय विचाराल?

तुमचा विषय रसायनशास्त्र असो की शेती, हे प्रश्न चालतील.

१. इथे 'सत्य' कुठून आलं? ते तपासल्या जाणाऱ्या पद्धतीपासून खरोखर स्वतंत्र आहे का?

२. मुख्य आकडा कशापासून कशापर्यंत मोजलाय? कुठली चूक त्यात येतच नाही?

३. किती ठिकाणं, किती नमुने, किती वेळा? त्यापलीकडे जाणारा दावा लेखकांचा आहे की वापरणाऱ्यांचा?

४. पद्धतीला प्रयोगात जी माहिती मिळाली, ती प्रत्यक्ष वापरात मिळणार आहे का?

५. उत्तर चुकलं तर ते चुकलंय हे पद्धत सांगते का?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं. इन्फोटेनमेंटवर माझा खरा आक्षेप हाच आहे. फोनच्या नकाशात निदान ठिपक्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ दिसतं, म्हणजे "मी इथे कुठेतरी आहे". मी वापरलेल्या युनिटच्या स्क्रीनवर ठिपका खात्री असतानाही तेवढाच टोकदार आणि अंदाज असतानाही तेवढाच टोकदार. आत कुठेतरी दोन्ही रस्त्यांच्या शक्यता मोजलेल्या असतात, पण बाहेर येतो तो एकच रस्ता. चालकासाठी कदाचित हे ठीक असेल, गाडी चालवताना शक्यतांचं गणित कोण बघणार? पण त्याच युनिटची फाइल आपण संशोधनाचा डेटा म्हणून उचलतो, तेव्हा ती अनिश्चितता कायमची पुसली गेलेली असते. म्हणून शक्य असेल तर कच्च्या जीपीएस नोंदी वेगळ्या साठवा. रस्त्यावर बसवलेला ठिपका नंतर केव्हाही बनवता येतो, बसवलेल्यातून कच्चा परत मिळत नाही.

तुमच्यापैकी कुणी प्रवासाचा, रहदारीचा, प्रदूषणाचा डेटा गाडीच्या स्क्रीनवरून घेणार असाल, तर सुरुवात करण्याआधी एक दिवस गाडीत बसा आणि हातात वही धरून आपण नेमके कुठे आहोत ते स्वतः लिहा. आणि ड्रायव्हर काकांना विचारायला लाजू नका. त्यांचं नाव माझ्या थिसिसच्या ऋणनिर्देशात गाईडच्या लगेच खाली असणार आहे.

भेटू पुढच्या लेखात.